इंग्रजीतून गणित, पहिल्या धड्यापासून

गणिताची इंग्रजी पुस्तकं घेऊन बसायचं ठरवलं तेव्हा मला धास्ती होती ती पारिभाषिक शब्दांची. न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, कोएफिशंट, हायपोटेन्यूज. शाळेत सगळं मराठीतून झालेलं. अंश, छेद, सहगुणक, कर्ण हे शब्द जिभेवर होते, पण इंग्रजीत त्यांना काय म्हणतात याचा पत्ता नव्हता. म्हणून आधी शब्दांची यादी करायला घेतली. त्या यादीची गरज फार लवकर संपली. पारिभाषिक शब्द मुळात थोडे असतात, पुस्तक त्यांची व्याख्या करून देतं आणि चार उदाहरणं सोडवली की ते अंगवळणी पडतात. खरी अडवणूक करतात ते भलतेच शब्द: ऑफ, फ्रॉम, दॅन, ईच, एनी, अनलेस, ॲट मोस्ट. यांची व्याख्या गणिताचं कुठलंच पुस्तक देत नाही. वाचणाऱ्याला ते येतातच असं धरून चाललेलं असतं.

मी या वाटेला का गेले ते थोडक्यात सांगते. कामासाठी संख्याशास्त्रातलं बरंच वाचावं लागायचं आणि सूत्र आलं की मी ते ओलांडून खालच्या परिच्छेदावर जायची. निष्कर्ष समजायचा, पण तो कुठून आला हे कळायचं नाही. चाळिशी उलटल्यावर हे असंच पुढे रेटायची इच्छा राहिली नाही. ज्या गोष्टी मला शेवटी वाचायच्या होत्या त्या इंग्रजीत होत्या, म्हणून पायासुद्धा इंग्रजीतूनच घालायचा असं ठरवलं. या निर्णयातला अर्धा भाग पुढे बदलावा लागला, त्याबद्दलच हे लिहिते आहे.

सुरुवात कुठून करायची? शाळेत जिथे गणित सुटलं तिथून, असं बहुतेक जण सांगतात. मी वेगळी कसोटी लावली. एखादी रीत येते का, हे न विचारता त्या रीतीमागचं कारण मला माझ्या शब्दांत सांगता येतं का, हे विचारायचं. बेरजेतला हातचा का घेतो, हे सांगता आलं. वजाबाकीत शेजारच्या घरातून उसना का घेतो, तेही आलं. अपूर्णांकांची बेरीज करताना समच्छेद का करायचा, हे थोडा विचार केल्यावर आलं. अपूर्णांकाने भागायचं असलं की तो उलटा करून गुणायचं, याचं कारण मात्र सांगता येईना. रीत पक्की होती, हात आपोआप चालत होता, पण त्यामागे काहीच नव्हतं. मग तिथूनच सुरुवात केली.

३/४ भागिले १/८. इंग्रजी पुस्तकात पानभर स्पष्टीकरण होतं, आकृतीही होती. मी ते वाचलं, प्रत्येक शब्द समजला, आणि तरी हाती काही लागलं नाही. मग स्वतःलाच मराठीत प्रश्न विचारला: पाऊणमध्ये अर्धपाव किती वेळा बसतो? सहा. हे उत्तर विचार करायच्या आधीच आलं. एकात अर्धपाव आठ वेळा बसतो, म्हणून पाऊणमध्ये त्याच्या पाऊणपट, म्हणजे सहा वेळा. ‘एकात आठ वेळा’ हाच तो उलटा केलेला अपूर्णांक आणि ‘पाऊणपट’ हाच तो गुणाकार. इतकी वर्षं पाठ असलेल्या रीतीचं कारण मला आधीपासून माहीत होतं, फक्त ते मराठीत होतं आणि रीत कागदावर चिन्हांत होती. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट भेटली. दहाला ‘डिव्हायडेड बाय हाफ’ म्हटलं तर उत्तर वीस येतं, आणि ‘डिव्हायडेड इन हाफ’ म्हटलं तर पाच. एका शब्दयोगी शब्दाने उत्तर चौपट बदलतं. मराठीत ‘दहाला अर्ध्याने भागा’ आणि ‘दहाचे दोन समान भाग करा’ ही वाक्यं इतकी वेगळी आहेत की गोंधळायला जागाच नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचा कान हे आपोआप पकडतो. आपला कान तयार होईपर्यंत डोळ्यांनी एकेक शब्द तपासावा लागतो आणि त्याला इलाज नाही.

आता जिथे मी सर्वांत जास्त काळ रेंगाळले, आणि जिथे मला सर्वांत जास्त मिळालं, त्या शाब्दिक उदाहरणांबद्दल.

इंग्रजी वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत जायचं आणि तसतशी चिन्हं मांडत जायची, ही सवय फार पटकन लागते. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ वाचलं की हात ५ − क्ष लिहितो. हवं असतं क्ष − ५. ‘सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट’ याचंही तेच, तीन आधी येतो पण लिहायचा नंतर. आता हीच वाक्यं मराठीत म्हणून पाहा. ‘क्षपेक्षा पाचने कमी.’ ‘आठमधून तीन वजा.’ ‘बाराला तीनने भागा.’ ज्या क्रमाने शब्द येतात त्याच क्रमाने चिन्हं मांडायची आहेत: क्ष − ५, ८ − ३, १२ ÷ ३. आपल्या भाषेत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात, त्यामुळे जिच्यावर क्रिया करायची ती संख्या आधी येते आणि क्रिया शेवटी. समीकरणाची चालही बरेचदा हीच असते.

याचा सर्वांत चांगला नमुना मला एका गाजलेल्या उदाहरणात मिळाला. अमेरिकेत १९८० च्या आसपास जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात मांडायला दिलं होतं: ‘देअर आर सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडंट्स ॲज प्रोफेसर्स.’ विद्यार्थ्यांसाठी एक अक्षर, प्राध्यापकांसाठी एक. बऱ्याच जणांनी ६व = प असं लिहिलं. बरोबर समीकरण आहे व = ६प. उलटं लिहिण्यामागचं एक कारण संशोधकांनी नोंदवलं ते असं, की वाक्यात ‘सिक्स’च्या पाठोपाठ ‘स्टुडंट्स’ येतं आणि माणूस त्याच क्रमाने चिन्हं लिहून मोकळा होतो. हे सगळे इंग्रजीतच शिकलेले विद्यार्थी होते, हे लक्षात घ्यायला हवं.

मी तेच वाक्य मराठीत फिरवलं. ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ प, गुणिले सहा, बरोबर व. शब्दामागून शब्द उतरवला तरी समीकरण बरोबर येतं. चुकायचं म्हटलं तरी चुकणं अवघड. हे पाहिल्यावर मी माझा नियमच करून टाकला: इंग्रजी उदाहरण वाचल्यावर पेन्सिल लगेच समीकरणाकडे न्यायची नाही. आधी ते वाक्य मराठीत फिरवायचं, वहीत डाव्या पानावर मूळ वाक्य, उजव्या पानावर मराठी, आणि समीकरण मराठीखाली. ‘दोनदा अनुवाद कशाला, थेट इंग्रजीतच विचार करायची सवय लावून घ्या’ असा सल्ला मला अनेकदा मिळाला आहे. भाषा शिकायची असेल तर तो सल्ला ठीक आहे. गणित शिकायचं असेल तर मला तो पटत नाही. मराठीत फिरवताना मी अनुवाद करत नव्हते, उदाहरण सोडवायला सुरुवात करत होते.

फिरवण्याचा आणखी एक फायदा असा, की त्यात पळवाट राहत नाही. इंग्रजी गणिताच्या परिच्छेदात ‘इट’ आणि ‘दिस’ जागोजागी असतात. ते नेमके कशाबद्दल आहेत हे न ठरवताही वाक्य वाचून पुढे जाता येतं, आणि समजल्यासारखं वाटतं. मराठीत तसं करता येत नाही. अपूर्णांक असेल तर ‘तो’, संख्या असेल तर ‘ती’, समीकरण असेल तर ‘ते’. लिंग ठरवल्याशिवाय क्रियापदसुद्धा लिहिता येत नाही, म्हणजे ‘इट’ कोण आहे हे शोधावंच लागतं. कित्येकदा न समजलेल्या परिच्छेदाचं कोडं एवढ्यानेच सुटलं आहे.

मराठी सगळीकडेच सोयीची पडते असं मात्र नाही. फलनांपाशी (फंक्शन, म्हणजे एक संख्या दिली की ठरलेली दुसरी संख्या देणारा नियम) गाडी उलटी फिरते. फलनाची जी खूण आज सगळे वापरतात, आधी फलनाचं अक्षर आणि मग कंसात चल, म्हणजे बदलती संख्या, ती गणितज्ञ लेऑनहार्ड ऑयलरने १७३४ मध्ये वापरली. ती इंग्रजीत वाचताना सरळ आहे, ‘एफ ऑफ एक्स’. मराठीत तीच ‘क्षचं फ’ अशी होते आणि क्रम फिरतो. एकात एक फलनं आली की हे जास्त जाणवतं. फ(ग(क्ष)) यात आधी ग करायचं आणि मग फ, पण लिहिलेलं आहे उलट. इथे मी मराठीचा हट्ट सोडला. लिहिलेलं इंग्रजीसारखं वाचायचं आणि करायचा क्रम मराठीत बोलायचा: ‘आधी क्षला ग लाव, जे येईल त्याला फ लाव.’ कुठली भाषा कुठे उपयोगी पडते हे प्रत्येक विषयात नव्याने पाहावं लागतं. कोणा एकीचा पक्ष घेऊन चालत नाही.

पाढ्यांचं मात्र अगदी सुरुवातीलाच पक्कं झालं. इंग्रजी व्हिडिओ पाहताना शिक्षक पटापट बोलत जायचे आणि मी प्रत्येक गुणाकारापाशी मागे पडायची. गुणाकार येत नव्हता असं नाही, तो मराठीत येत होता. ‘सात आठे छप्पन’ हे मनात होतं आणि कानावर पडत होतं ‘फिफ्टी सिक्स’. त्यात आपल्याकडे एकक आधी, दशक नंतर. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये वीस आधी. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी ही जोड्यांची भानगड वेगळीच. पाढे इंग्रजीतून नव्याने पाठ करावेत का, असा विचार मनात आला होता. तेव्हाच एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिवकिन यांच्या २००१ च्या अभ्यासाबद्दल वाचलं. रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना त्यांनी काही नवी आकडेमोड एका भाषेतून शिकवली आणि मग दोन्ही भाषांतून विचारली. अचूक उत्तर द्यायचं असेल तर ज्या भाषेत शिकवलं त्या भाषेत लोक जास्त लवकर उत्तर द्यायचे. अंदाजे उत्तर द्यायचं असेल तर भाषेने फरक पडत नव्हता. म्हणजे मला जे होत होतं ते स्वाभाविक होतं. पाढे मराठीतच ठेवले. व्हिडिओचा वेग कमी केला, उपशीर्षकं लावली, आणि आकडा कानाने पकडण्यापेक्षा फळ्यावर लिहिलेला पाहायची सवय लावली. आजही आकडेमोड मी मराठीतच करते आणि ती कधी इंग्रजीत न्यायचा विचार नाही.

मोठ्या संख्यांचं वेगळं. आपण लाख-कोटी मोजतो, पुस्तकं मिलियन-बिलियन. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आपला स्वल्पविराम, तोच त्यांच्याकडे २९९,७९२,४५८. पहिल्यांदा दुसरी मांडणी पाहिली तेव्हा ही वेगळी संख्या आहे असंच वाटलं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे पाठ करून काम चालतं, पण आकडेमोडीच्या भरात दर वेळी असं बदलत बसणं धोक्याचं. घातांक शिकले तेव्हा हा प्रश्न मुळापासून मिटला. लाख म्हणजे १० चा पाचवा घात, मिलियन सहावा, कोटी सातवा, बिलियन नववा. २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या आठ बिलियन झाली ही बातमी मी ८ × १०⁹ अशी वाचते, आणि ८०० कोटी हे त्यातून आपोआप निघतं.

ऋण संख्यांकडे मी घाबरत गेले आणि पटकन बाहेर पडले. धन आणि ऋण हे शब्द आपण ब्रह्मगुप्ताच्या काळापासून चालत आलेले वापरतो. त्याने इसवी सन ६२८ मध्ये या संख्यांचे बेरीज-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले, ऋण गुणिले ऋण बरोबर धन हाही. कारण मात्र मला इंग्रजी पुस्तकात, दोन ओळींत मिळालं. (−३) × (४ + (−४)) हे शून्य असायलाच हवं, कारण कंसात शून्य आहे. कंस सोडवला तर पहिलं पद −१२ येतं. मग दुसरं पद १२ असल्याशिवाय बेरीज शून्य होणार कशी? दुसरं पद म्हणजेच (−३) × (−४). इथे भाषेची फारशी गरजच पडली नाही.

वर्गसमीकरणांपाशी पुन्हा मुक्काम लांबला. सूत्र शाळेतलं आठवत होतं, पण माझ्या कसोटीला ते उतरत नव्हतं. तेव्हा अल-ख्वारिझ्मीचं उदाहरण समोर आलं. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याने बीजगणित लिहिलं ते पूर्णपणे शब्दांत. चिन्हं नाहीत, समीकरणं नाहीत. एखाद्या संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? आपण आज लिहू: क्ष² + १०क्ष = ३९.

मी कागद घेतला आणि एक चौरस काढला, बाजू क्ष. त्याचं क्षेत्रफळ क्ष². आता १०क्षचे दोन सारखे भाग केले, ५क्ष आणि ५क्ष. एक आयत चौरसाच्या उजवीकडे चिकटवला, लांबी क्ष, रुंदी पाच. दुसरा खाली चिकटवला. आत्तापर्यंतचं सगळं क्षेत्रफळ ३९. आकृती जवळजवळ मोठा चौरस झाली, फक्त उजवीकडे खालचा कोपरा रिकामा राहिला. तो कोपरा पाच बाय पाचचा, म्हणजे २५. तो भरून टाकला की ३९ अधिक २५, ६४. मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ ६४, म्हणून बाजू आठ. आणि ती बाजू म्हणजे क्ष + ५. क्ष म्हणजे तीन. ताळा पाहिला: ९ अधिक ३०, ३९.

तो कोपरा भरताना ‘पूर्ण वर्ग करणे’ म्हणजे शब्दशः काय करतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग हेच आकड्यांऐवजी अक्षरं घेऊन केलं आणि शाळेतलं ते लांबलचक सूत्र एकेक ओळ करत माझ्या हातून उतरलं. दुसरं उत्तर −१३, तेही समीकरणात बसतं. अल-ख्वारिझ्मीने ते दिलं नाही, कारण बाजू ऋण असू शकत नाही. सूत्र मात्र दोन्ही देतं.

यामुळे मला इतिहासात गोडी लागली, आणि तिचा अभ्यासाला उपयोग झाला. बरोबरचं चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने पहिल्यांदा छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं कारण. रेकॉर्डने गणित इंग्रजीत लिहिलं ते साध्या वाचकांसाठी, तेव्हा विद्वानांची भाषा लॅटिन होती. अज्ञात संख्येसाठी वर्णमालेच्या शेवटची अक्षरं वापरायची पद्धत फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ मध्ये रूढ केली. म्हणजे शब्दांतल्या बीजगणितापासून आजच्या चिन्हांपर्यंत यायला विद्वानांनाही सातआठशे वर्षं लागली. शाब्दिक उदाहरणाचं समीकरण करताना जो वेळ लागतो त्याबद्दल मला त्यानंतर कधी वाईट वाटलं नाही.

आणि ऑयलर. त्याची मातृभाषा जर्मन, पण आयुष्यभराचं लिखाण बहुतेक लॅटिन आणि फ्रेंचमधलं. परक्या भाषेत गणित करण्यात त्याला काहीच अडचण नव्हती. दृष्टी जवळजवळ गेल्यावर त्याने बीजगणित अगदी प्राथमिक गोष्टींपासून शिकवणारं एक पुस्तक सांगून लिहवून घेतलं, आणि ते मात्र जर्मनमध्ये. १७७० मध्ये ते जर्मनमध्ये छापलं गेलं. लिहून घेणारा तरुण शिंपीकाम शिकलेला होता, गणित त्याला फारसं येत नव्हतं, आणि लिहिता लिहिता तो बीजगणित शिकला, असं पुस्तकाच्या प्रास्ताविकात सांगितलेलं आहे. ज्याला कुठल्याही भाषेत लिहिता आलं असतं त्याने पाया शिकवताना मातृभाषा निवडली, हे वाचून मला फार बळ आलं. सगळं इंग्रजीतूनच करायचं हा माझा निर्णय तेव्हापासून मी उघडपणे बदलला. वाचन इंग्रजीत, समजावणं मराठीत. शाळेची गणिताची पुस्तकं दोन्ही माध्यमांत मिळतात, तीही जोडीने ठेवायला लागले. एकच आकृती, एकच उदाहरण, दोन भाषा. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधायला याहून चांगला कोश नाही.

समजावणं हे नुसतं मनातल्या मनात करून भागत नाही. मोठ्याने बोलावं लागतं, आणि समोर कोणी असेल तर उत्तमच. माझी ताई फोनवर ऐकते. तिचं गणित शाळेबरोबर संपलं, पण ऐकताना ती कुठेही ‘बरं’ म्हणून सोडून देत नाही.

दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे ते अपूर्णांकात लिहिताच येत नाही, याची सिद्धता मी तिला सांगत होते. समजा √२ हा अपूर्णांक आहे, म छेद न, आणि तो अतिसंक्षिप्त रूपात, म्हणजे होईल तेवढा छोटा करून घेतलेला आहे. मग मचा वर्ग बरोबर दोन गुणिले नचा वर्ग. म्हणजे मचा वर्ग सम.

‘थांब,’ ताई म्हणाली, ‘वर्ग सम म्हणून म पण सम कशावरून?’

‘विषम संख्येचा वर्ग विषमच येतो. तीनचा नऊ, पाचचा पंचवीस. म विषम असता तर वर्गही विषम आला असता.’

‘बरं, पुढे.’

म सम, म्हणजे तो २क असा लिहिता येतो. मग ४क² बरोबर २न², म्हणजे न² बरोबर २क². म्हणून ‘न’सुद्धा सम. दोघेही सम, हे शक्य नाही, सिद्धता संपली.

‘का शक्य नाही? दोन सम संख्यांचा अपूर्णांक नसतो का? सहा छेद आठ असतो की.’

‘असतो, पण मग त्याला दोनने भाग जातो, आणि आपण तर आधीच—’

‘आधीच काय? अगं, तो अपूर्णांक तू आधीच का छोटा करून घेतलास, ते सांग ना.’

सगळी सिद्धता त्या एका अटीवर उभी आहे. अतिसंक्षिप्त रूप घेतलं नसतं तर दोघे सम निघाल्याने काहीच बिघडलं नसतं. घेतलं म्हणून विरोध उभा राहतो, आणि प्रत्येक अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणता येतो म्हणून ते घ्यायला हरकत नाही. इंग्रजी पुस्तकात ही अट पहिल्याच वाक्याच्या शेपटाला तीन शब्दांत होती, ‘इन लोएस्ट टर्म्स’. अशी शेपटं इंग्रजी गणितात फार असतात. अट वाक्याच्या शेवटी येते आणि वाचणारा तोवर पुढच्या ओळीवर गेलेला असतो. मराठीत आपण ‘जर’ने सुरुवात करतो, अट आधी सांगतो. आता मी प्रत्येक प्रमेय वाचताना आधी अटी शोधून त्या मराठीत वर लिहिते, मग निष्कर्ष, आणि सिद्धतेत प्रत्येक अट कुठे वापरली तिथे खूण करते. खूण न झालेली अट उरली तर सिद्धता मला समजलेली नाही.

‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांचाही निकाल असाच लागला. आपला ‘तर’ आणि ‘तरच’. संख्येला चारने भाग जात असेल तर ती सम असते. पण संख्या सम असेल तरच तिला चारने भाग जाऊ शकतो. दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात, आणि ‘सम असेल तर चारने भाग जातो’ हे तिसरं वाक्य मात्र खोटं आहे, सहाने ते मोडतं. अशी तीन वाक्यं शेजारी शेजारी लिहून, खोट्याला मोडणारं उदाहरण शोधायचं, हा व्यायाम मी अजूनही करते.

भाषाशुद्धीचा आग्रह मी धरलेला नाही, हेही सांगायला हवं. माझं गणिताचं बोलणं आता असं असतं: ‘एक्सचा स्क्वेअर घे, दोन्हीकडून पाच वजा कर, मग फॅक्टर पडतात का बघ.’ चिन्हांची नावं इंग्रजी, क्रिया मराठी. कोणाला हे धेडगुजरी वाटेल. मला त्यात काही वावगं दिसत नाही. ‘अवयव’ म्हटलं काय आणि ‘फॅक्टर’ म्हटलं काय, वाक्याचा सांगाडा माझ्या भाषेचा असला की मला पुरतं. लिहून कोणाला दाखवायचं असेल तेव्हा इंग्रजीत नीट लिहिते, त्याचाही सराव लागतो आणि तो वेगळा करावा लागतो. त्यासाठी पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं उपयोगी पडली. उत्तर कागदाने झाकायचं, स्वतः एक ओळ लिहायची, कागद एक ओळ खाली सरकवायचा, पुस्तकातल्या वाक्याशी ताडून पाहायचं. अनेक इंग्रजी पुस्तकांत विषम क्रमांकांच्या उदाहरणांची उत्तरं मागे दिलेली असतात, म्हणून एकट्याने शिकणाऱ्याने आधी विषम क्रमांकांची सोडवावीत. सम क्रमांकांची ताळा करून स्वतःच तपासावीत.

सध्या कलनशास्त्रात (कॅल्क्युलस) लिमिटची, म्हणजे क्ष एका बिंदूच्या जवळ नेला की फलनाची किंमत जिच्या जवळ जाते त्या संख्येची, व्याख्या चालू आहे. या व्याख्येत दोन संख्या येतात, एप्सिलॉन आणि डेल्टा, आणि कुठली आधी निवडायची यावर सगळा अर्थ ठरतो. इंग्रजी वाक्यात ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ यांचा क्रम डोळ्यांखालून निसटतो. मी ते आव्हानासारखं मांडलं: तुम्ही कितीही लहान धन एप्सिलॉन द्या, तो पाहून मी असा एक धन डेल्टा शोधून देते, की क्ष हा त्या बिंदूपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असेल, प्रत्यक्ष बिंदूवर नसेल, तर फलनाची किंमत लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असेल. आधी तुम्ही, मग मी. ३क्ष + १ हे फलन घेतलं आणि क्ष २ च्या जवळ नेला तर लिमिट ७. फलनाचं अंतर क्षच्या अंतराच्या तिप्पट असतं, म्हणून तुम्ही ०.०३ दिलात तर मी ०.०१ देईन, आणि कुठलाही एप्सिलॉन दिलात तर त्याचा तिसरा हिस्सा. क्ष² ला असा एकच ठरलेला हिस्सा पुरत नाही. तिथे डेल्टा कोणत्या बिंदूपाशी आहोत त्यावरही अवलंबून असतो, आणि तो कसा शोधायचा ते उदाहरण वहीच्या उजव्या पानावर अर्धं झालं आहे.